डावी मावशी, उजवी सासूबाई

४ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गाडी विका, गाडी विका, एकच धोशा. बरं, विकतो म्हटलं तरी घेणार कोण? दोन दारांची, जमिनीला टेकलेली, मागच्या सीटवर धड मांजरही बसणार नाही अशी म्हातारी जपानी गाडी, वर चार लाखांहून जास्त किलोमीटर पळालेली. दार लावताना आधी थोडं उचलावं लागतं. पुढचे दिवे बटण दाबल्यावर बेडकासारखे वर यायचे, त्यातला एक आता येतच नाही. मिस्त्री म्हणतो, "काका, ही विकायला काढलीत तर लोक पैशांऐवजी सहानुभूती देऊन जातील." त्याला म्हटलं, तोंड बंद कर आणि बॉनेट उघड.

फोन काढून टाकला म्हणून रागावलीस. अगं, फोनमधून तुझा आवाज आला की आई तुला शोधत सुटते. कपाटामागे, पलंगाखाली, गच्चीच्या दाराशी. तू सापडली नाहीस की रडते, आणि मग तिला आवरता आवरता माझ्या नाकी नऊ येतात. कागदाला ती घाबरत नाही. मोजणी खात्यात जन्मभर नकाशे काढले तिने, कागदाशी तिचं जमतं. म्हणून म्हटलं, आपण आपली पत्रंच बरी.

आता खरं सांगतो, घाबरू नकोस. घरात ती मला ओळखत नाही. मला लिफ्टवाला समजते. म्हणजे अगदीच चूक नाही, मी जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्या. पण तिला वाटतं, इथली लिफ्ट बिघडली म्हणून मी आलोय. आपल्या बैठ्या घरात लिफ्ट! दिवसातून दहा वेळा विचारते, "झालं का हो तुमचं काम?" परवा मी दाराबाहेर पडताना चहाला म्हणून सुटे पैसे हातावर ठेवले. मी घेतले. काय करणार?

पण गाडीत बसली, पट्टा लावला, इंजिनाचा आवाज कानावर पडला, की बाई बदलते. "ड्रायव्हर, निघ." अगदी पूर्वीसारखं. लग्नानंतर घरात नेहमी 'अहो' म्हणायची आणि गाडीत 'ए ड्रायव्हर'. तू लहान असताना आमच्या डोंगरातल्या शर्यती संपत आल्या होत्या, तुला नीट आठवत नसेल. मी चालवायचो आणि ती शेजारी बसून पुढचं वळण आधीच सांगायची. सगळा रस्ता पाठ. नुसतं डावं-उजवं सांगून भागत नाही, वळण किती अवघड आहे तेही एका शब्दात सांगावं लागतं. बाकीचे लोक आकडे वापरायचे. तुझ्या आईने नाती वापरली. मावशी म्हणजे सोपं वळण, खुशाल जा. आत्या म्हणजे जरा जपून, ब्रेकवर पाय हवा. सासूबाई म्हणजे जवळजवळ थांबूनच वळायचं. आणि जाऊबाई म्हणजे दिसायला मावशी, पण अर्ध्यात गेल्यावर आवळत जाणारी. माझ्या आईला आणि वहिनीला हे शेवटपर्यंत कळलं नाही, नशीब माझं.

रोज उजाडलं की आम्ही तळ्यापर्यंत जाऊन येतो. रस्ता मोकळा असतो. ती सांगत राहते, "डावी मावशी, लगेच उजवी मावशी, सरळ, दम खा, आता डावी आत्या," आणि मी वळत राहतो. तळ्याशी पोचलो की म्हणते, "बरा चालवतोस अजून." तेवढा वेळ मी तिचा नवरा असतो. घरी येऊन पट्टा सोडला की परत लिफ्टवाला.

आता सांग, विकू?

तुझा,
बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,

सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि कामावर तोंड लपवायला जागा शोधावी लागली. समोर कुणाच्या तरी कवळीचा साचा, हातात मेण, आणि मी आपली मुळूमुळू रडतेय. आमच्या लॅबची सायबीण म्हणाली, "दातांत एवढं रडण्यासारखं काय आहे?"

मला तुमचं सगळं पटतं, बाबा, पण मला भीतीही वाटते. आईचे गुडघे बघा. त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. त्यात तिला मध्येच गाडीत काही सुचेनासं झालं, तिने दार उघडलं, तर? चार दारांची, जरा उंच, साधी गाडी घ्या. इंजिनाचा आवाज तिला सगळ्यांचा सारखाच वाटेल.

आणि दुसरं. तुमच्या ओळी हल्ली एकमेकींवर चढतात. शेवटचा परिच्छेद मला उजेडासमोर धरून वाचावा लागला. त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात त्याचं पुढे काय झालं? तुम्ही 'ठीक आहे' एवढंच लिहिलं होतं. ठीक म्हणजे काय ते सविस्तर कळवा. मला जुलैशिवाय रजा नाही, नाहीतर आत्ता समोर येऊन उभी राहिले असते.

आईला हे पत्र दाखवू नका, उगाच घाबरेल.

तुमची,
खारू

८ एप्रिल

चि. खारूताईस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आईनेच मला वाचून दाखवलं. आवाज अजून खणखणीत आहे. 'आईला हे पत्र दाखवू नका' हेही तिने मोठ्याने वाचलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण आई? बिचारीपासून लपवताहेत." मी म्हटलं, असेल कुणीतरी. ती म्हणाली, "तिला सांगा हो कुणीतरी. लपवणं बरं नाही." मला हसू आवरेना, आणि मग हसूही राहिलं नाही.

माझा चष्मा त्या दिवशी सापडत नव्हता, म्हणून तिला वाचायला दिलं. ओळी चढतात त्या पेनामुळे. शाई कोरडी पडते, मग मी दाबून लिहितो. डॉक्टरचं म्हणशील तर वयाप्रमाणे आहे म्हणाला. वयाप्रमाणे सगळंच आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

साधी गाडी आणून बघितली. मिस्त्रीने त्याच्या गिऱ्हाइकाची एक आणली होती, उंच, मऊ सीटची. आईला बसवलं, पट्टा लावला, निघालो. ती हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखी बसली. पहिलं वळण आलं, गप्प. दुसरं आलं, गप्प. मग मला म्हणाली, "लिफ्टवाले, मला कुठे नेताय? माझे यजमान काळजी करतील." मी तिथूनच गाडी फिरवली. दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीत बसल्यावर पहिला शब्द काय, "काल कुठे होतास रे?" तिला कमी उंचीवरून रस्ता दिसायला हवा आणि पाठीला ती कडक सीट लागायला हवी, एवढं मला कळलं. बाकीचं मिस्त्रीलाही कळत नाही आणि डॉक्टरलाही.

तू तिची काळजी करू नकोस. गाडीत तिचं एक अक्षर चुकत नाही. खरं सांगायचं तर गाडी तीच चालवते, मी नुसतं चाक फिरवतो. तिने सासूबाई म्हटलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, बघावंसुद्धा लागत नाही.

बाकी विशेष नाही. ओढ्यावरच्या पुलापाशी नवा रस्ता करताहेत, डोंगर कापून सरळ. दिवसभर तिथे धूळ असते. आम्ही जातो तेव्हा कामगार आलेले नसतात, आणि आमच्या जाण्यायेण्याला जुना पूल आहेच.

तुझा,
बाबा

२७ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न.

हरले मी. हात टेकले. गाडी विकू नका.

'गाडी तीच चालवते, मी नुसतं चाक फिरवतो' हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. सायबिणीला सांगितलं तर ती नवऱ्यावर चिडली, म्हणे मी बाजारचा रस्ता सांगितला तरी हा माणूस ऐकत नाही. तुम्हा दोघांचं हे असं प्रेम बघत मी लहानाची मोठी झाले आणि मला कधी कळलंच नाही. मला आठवते ती मागची सीट. गुडघे हनुवटीला, डोकं काचेला, आणि तुम्ही म्हणायचात, खारूताई झाली बघ पोरगी. नाव तिथूनच चिकटलं. आई पुढून 'सासूबाई' म्हणाली की मी आधीच तुमची सीट घट्ट धरायचे.

जुलैत येतेय. रजा मंजूर झाली. मला आईने तळ्यापर्यंत न्यायला हवंय. तोवर तिच्या गुडघ्याखाली उशी देत जा, आणि मिस्त्रीला तो दिवा दुरुस्त करायला सांगा. पेन मी इथून नवं पाठवतेय, जाड टोकाचं. आता ओळी चढल्या तर बघा!

तुमची,
खारू

३० मे

ताई,

मी मिस्त्री. काका सांगताहेत आणि मी लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नका. आधी एवढं सांगतो, दोघंही जिवंत आहेत, घरी आहेत, जेवताहेत. आता काका जसं सांगतील तसं लिहितो. एकही शब्द बदलायचा नाही असं त्यांनी बजावलंय.

चि. खारूताई, मला दिसत नाही. गेल्या वर्षापासून दिसत नाही. नजरेच्या अगदी मधोमध एक डाग आहे आणि तो पसरत चाललाय. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा झाला तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागेल. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं की गाडी बंद. मी हो म्हटलं आणि घरी येऊन आईला गाडीत बसवलं.

रस्त्याच्या दोन्ही कडा मला दिसायच्या आणि मधलं ती सांगायची. तुला थट्टेत लिहिलं ते थट्टेतलं नव्हतं.

नवा रस्ता सुरू झाला ते मला कळलं नाही. आमच्या दोन खेपांच्या मधल्या दिवशी सुरू झाला. जुना पूल पाडला आणि त्याच्या तोंडाशी खडीचा ढीग आणि आडवी फळी टाकली. फळीवर लिहिलेलं असणार, मला काय! आई म्हणाली, "उजवी सासूबाई, मग पूल." मी उजवीकडे वळलो. बरोबरच वळलो. जन्मभर तिथेच वळलोय.

(ताई, इथे काका थांबलेत. मी लिहितो. सासूबाई म्हटल्यामुळे काका पहिल्या गिअरवर आले होते, म्हणून नुसती खडीत घुसली. काकूंनी मावशी म्हटलं असतं तर दोघं ओढ्यात असते. काकूंच्या मनगटाला प्लास्टर आहे, काकांच्या कपाळाला टाके. गाडीचं नाक चेपलंय. मला जे माहीत नव्हतं ते माहीत असतं तर किल्ली मीच काढून घेतली असती, आईशप्पथ.)

लिही पुढे. आई ओरडली नाही. खडी काचेवरून घरंगळायची थांबली, मग म्हणाली, "ड्रायव्हर, तुला लागलं? चूक माझी रे. माझं वळण चुकलं." मी सांगितलं, तुझं वळण बरोबर होतं, रस्ताच चुकला. तिला पटेना. एकही वळण कधी चुकली नव्हती ती, तुला माहीत आहे. हातात हात घेऊन रडली. तेव्हापासून वळणांचा शब्द तोंडातून काढलेला नाही.

मला रागव. मी ऐकून घेईन. तुझं उत्तर वाचायला आईकडे देणार नाही, मिस्त्री वाचेल.

बाबा

११ जून

बाबा,

काय लिहू? आठवडाभर कागद समोर घेऊन बसतेय आणि फाडतेय.

तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? तिथे खडी होती. खडीऐवजी सायकलवरून कामाला निघालेलं कुणी असतं तर? मधोमध चालणारं कुणाचं लेकरू असतं तर? तुम्हाला कडा दिसत होत्या म्हणे! तुम्हाला काय वाटलं, सगळं जग तुमच्यासाठी कडेला उभं राहील?

दाताच्या कण्या केल्या मी तुमच्यापुढे, डोळ्यांचं सांगा, सांगा म्हणून. तुम्ही पेनावर ढकललंत. आणि मी मूर्ख, मी नवं पेन पाठवलं! तुम्ही हसलात का हो ते हातात आल्यावर?

आईने मात्र बरोबर सांगितलं होतं तुम्हाला. लपवणं बरं नाही.

मी एक तारखेला पोचतेय. तुम्हा दोघांना इकडे आणण्याचं बघतेय. गाडी भंगारात द्या.

खारू

२० जून

चि. खारूताई,

आशीर्वाद. आजही मिस्त्रीच लिहितोय. पेन हातात आलं तेव्हा मी हसलो नाही. ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. त्या सायकलवाल्याचा विचार मी रोज करतो. किल्ली मिस्त्रीकडे आहे, आणि मी पुन्हा चाकाला हात लावणार नाही. आईच्या गळ्याची शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेला आता काय किंमत?

पण भंगाराचं तेवढं थांबव. तू येईपर्यंत.

इथे काय चाललंय ते सांगतो. संध्याकाळ झाली की आई माझ्यापाशी येते आणि म्हणते, "लिफ्टवाले, पुरे आता. निघा. घरी बायको वाट बघत असेल." रोज. पहिल्यांदा मी म्हटलं, मी इथेच राहतो. तर घाबरून तिने आतून खोलीची कडी लावली. तेव्हापासून मी हो म्हणतो, चपला घालतो, बाहेर पायरीवर बसतो. थोड्या वेळाने दार वाजवून आत येतो. ती विचारते, "कोण?" मी म्हणतो, दुरुस्तीला आलोय. मग घरात घेते.

पूर्वी सकाळची ती फेरी होती, तिच्यावर मी दिवस काढायचो. संध्याकाळी पायरीवर बसलो तरी वाटायचं, उद्या पट्टा लावला की 'निघ' म्हणेल. आता सकाळही नाही. ती आहे, मी आहे, आणि आमची गाठच पडत नाही. एवढंच माझं दुःख आहे, खारू. डोळे जाण्याचं मला काही वाटत नाही.

मिस्त्रीने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं नाक आणून बसवलंय. रंग वेगळा आहे. मला नाही दिसत, तो सांगतो.

बाबा

(ताई, दोन्ही दिवे आता वर येतात. मि.)

२ ऑगस्ट

ती. बाबांस,

सा. न.

सुखरूप पोचले. पत्र मिस्त्रीदादांनी वाचायचं आहे, म्हणून दादा, आधी तुम्हाला सांगते, हवं तर मध्ये थांबा, पण वगळू नका.

बाबा, निघताना घाईत राहून गेलं. त्या रविवारी तुम्ही मागच्या सीटवर होतात, माझ्या जागेवर, गुडघे हनुवटीला लावून. तुम्हाला आईचा चेहरा दिसला नाही, आणि समोर बसला असतात तरी दिसला नसता. मला दिसला. म्हणून तो तुमच्यासाठी लिहितेय.

तुम्हाला आठवतंय, मी चालवत होते आणि ती नुसती बसून होती. पट्टा लावला, इंजिन सुरू झालं, तरी 'निघ' म्हणाली नाही. पहिली मावशी गेली, दुसरी गेली, आत्या गेली. ती खिडकीतून बाहेर बघत होती, पाहुण्यासारखी. मला वाटलं, संपलं. माझा राग कधीच गेला होता, बाबा. मला फक्त तुमच्यासाठी वाईट वाटत होतं.

आणि मग मागून तुमचा आवाज. "पुढे डावी आत्या." मी चमकले. ती आत्या नव्हतीच, जाऊबाई होती, हे मलासुद्धा माहीत होतं. वाटलं, तुम्हीही विसरलात.

तेव्हा तिने मान वळवली. आधी कपाळाला आठी पडली, परीक्षेत चुकीचं उत्तर ऐकल्यासारखी. मग ओठ हलले. मग डोळे असे काही उजळले, की तसे मी लहानपणानंतर बघितले नव्हते. आणि कडाडली, "आत्या नाही, जाऊबाई! आवळते ती! ड्रायव्हर, तुला कुणी विचारलं? आणि तू मागे काय करतोयस?" तुम्ही हसत सुटलात, मी हसत सुटले, आणि तीही. प्लास्टर काढलेला तो बारीक झालेला हात तिने सीटच्या मधून मागे केला, तो तुम्ही धरलात. तळ्यापर्यंत तिने सोडला नाही. तुम्ही पुढेही मुद्दाम चुकत गेलात आणि ती दुरुस्त करत गेली. परतताना नव्या रस्त्यावर, जिथे वळणच नाही, तिथे तुम्ही 'उजवी सासूबाई' म्हणालात, तर म्हणाली, "डोळे फुटले का तुझे? सरळ आहे." मी आरशात तुमच्याकडे बघितलं. तुम्ही रडत होतात आणि हो, हो म्हणत होतात.

तुम्हाला इकडे आणण्याचा विषय मी बंद केला. इथे तिचा रस्ता नाही. मिस्त्रीदादा, ठरल्याप्रमाणे दर रविवारी तुम्ही चालवायचं. बाबा मागे. आणि बाबा, चुकत राहा.

तुमची,
खारू

६ डिसेंबर

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहितोय, तू पाठवलेल्या जाड पेनाने. ओळी चढल्या तर चालवून घे. हे मिस्त्रीकडून लिहवून घेणार नाही.

तू परवा इथे होतीस तेव्हा बोलता आलं नाही. घर माणसांनी भरलं होतं. जो तो माझा हात धरून म्हणत होता, सुटली बिचारी. तू विचारलंस, शेवटी काही बोलली का, आणि मी नाही म्हटलं. पुन्हा लपवलं, बघ. आता सांगतो.

रविवारच्या फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत झाल्या. हळूहळू शब्द जात राहिले. आधी आत्या गेली, मग सासूबाई. मी मुद्दाम चुकलो की नुसतं 'हं' करायची, नापसंतीचं. तेवढ्यावर मी खूश असायचो. शेवटी शेवटी एक जाऊबाई तेवढी राहिली होती. त्या वळणाशी आलो आणि मी आत्या म्हटलं की हमखास म्हणायची, "जाऊ." इतकंच. मग तिला बसवायला-उठवायला जमेना आणि गाडी दारात उभी राहिली.

त्या दिवशी दुपारी ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. मी पलंगाशी खुर्ची घेतली, तिच्या उजव्या हाताला, म्हणजे गाडीत आम्ही कसे बसायचो तसं होईल. मिस्त्रीला सांगितलं, बाहेर गाडी नुसती सुरू करून ठेव. खिडकी उघडी होती, आवाज आत येत होता. तिने डोळे उघडले. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ड्रायव्हर."

म्हटलं, आहे.

"मला पुढचं दिसत नाही रे. तू सांग."

खारू, मी तिला अख्खा रस्ता सांगितला. जुना. पुलावरून जाणारा. डावी मावशी, लगेच उजवी मावशी, सरळ, दम खा. डावी आत्या. तिचा हात माझ्या हातात होता आणि प्रत्येक वळणाला बोटं जरा हलायची, बरोबर म्हणाल्यासारखी. मग उजवी सासूबाई, हळू, अजून हळू, पूल. पुलावर मी थोडा थांबलो, कारण पूर्वी ती तिथे नेहमी पाण्याकडे बघायची. मग पुढे निघालो. घाई केली नाही. मला तळं लवकर यायला नको होतं.

गाडीचं काय करू असं तू विचारलंस. मिस्त्री घेतोय. किलोमीटरचा आकडा अजून पळतोय म्हणतो. त्याला एवढंच सांगितलंय, शेजारची सीट मागेपुढे करू नकोस. संध्याकाळी मी अजून चपला घालून पायरीवर बसतो. सवय लागली. आता आत यायला दार वाजवावं लागत नाही, तेच सोसत नाही.

तर पुलानंतर ते वळण आलं. मी मुद्दाम म्हटलं, पुढे डावी आत्या.

थांबलो. पुन्हा म्हटलं, आत्या बरं का, डावी आत्या.

तिने दुरुस्त केलं नाही.

तुझा,
बाबा